उजवीकडून तिसरी खिडकी

आमच्या बुकोलिन गावात कुणाचं मन कुणावर बसलंय हे कळायला फार लांब जावं लागत नसे. बारा वर्षं थांबायची तयारी हवी, एवढंच. महालाची पूर्वेकडची भिंत, उजवीकडून तिसरी खिडकी. तिथे सगळं आपोआप जाहीर व्हायचं.

ती खिडकी मुळात खिडकीच नाही. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी काउंट ट्राउनस्डोर्फनं इथे उन्हाळी महाल बांधायला काढला, तेव्हा त्याच्यासारख्या लोकांना एकच खूळ लागलेलं होतं. डावीकडे जे असेल ते उजवीकडे असलंच पाहिजे. म्हणून इटलीहून आणलेल्या वास्तुशिल्पी तेस्तानं मधोमध पोटासारखा पुढे आलेला लंबगोल दिवाणखाना काढला, त्याच्या डाव्या हाताला नऊ खिडक्या, उजव्या हाताला नऊ. छताला चुन्याची फळं, शिंपले, गुबगुबीत पोरं आणि ढगांत लोळणाऱ्या देवता. देवतांच्या अंगावर इतके कमी कपडे की आमचे एक पाद्रीबाबा तो दिवाणखाना दर रविवारी ‘तपासायला’ जात. पण उजव्या बाजूच्या एका भिंतीआड मोठा जिना होता आणि त्या भिंतीतूनच स्वयंपाकघराचं धुराडं वर जात होतं. तेस्ता म्हणाला, इथे खिडकी नाही जमायची. काउंट म्हणाला, नऊ म्हणजे नऊ. शेवटी ती कमी पडलेली खिडकी भिंतीवर नुसती रंगवली. चौकट, काचा, अर्धी उघडी झडप, पडदा आणि पडदा बाजूला धरून बाहेर बघणारी, पांढऱ्या टोपीतली एक दासी. लिंडनच्या झाडांतून बग्गी वर चढू लागली की पाहुण्यांना वाटावं, कुणीतरी आपली वाट बघतंय. आत जिन्यात जाऊन पाहाल तर तिथे नुसती पांढरी भिंत.

ऊन, पाऊस आणि बर्फ ह्यांच्यापुढे तो रंग बारा वर्षं टिके. मग गावातल्याच रंगाऱ्यानं जुना गिलावा खरवडायचा, नवा चढवायचा आणि ओल्यावरच चित्र काढायचं, चुन्यात आणि दह्याच्या चक्क्यात कालवलेल्या रंगांनी. जुलैच्या अखेरीस संत आनाची जत्रा असते, तिच्या आत काम संपवायचं ही रीत. चुन्याच्या रंगाची एक खोड आहे. ओला असताना तो गढूळ दिसतो आणि आपल्या हातून काय उतरलं हे रंगाऱ्यालाही नीट समजत नाही. तीन दिवसांनी गिलावा वाळतो, रंग उजळतात आणि चेहरा वर येतो. तोवर परांची उतरवलेली असते आणि गिलाव्यात मुरलेला रंग काही पुसता येत नाही.

तर रंगारी जुनाच चेहरा उतरवायला बसे, आणि वाळल्यावर निघे भलताच. त्याच्या मनातला. जत्रेच्या दिवशी प्रार्थना आटोपली की सगळं गाव त्या भिंतीखाली जमायचं आणि माना वर करून बघायचं, यंदा कोण!

एकोणीसशे पंचवीस साली निघाली पाणचक्कीवाल्याची बायको रोझालिया. माझी आई सांगायची, हशा इतका झाला की बँडवाल्यांना थांबावं लागलं. रंगाऱ्यानं त्याच संध्याकाळी गाव सोडलं. नाताळच्या आधी रोझालिया चक्कीच्या पाटात सापडली. पाणी गुडघाभर. तोंड वर, डोळे उघडे आणि उजवा हात असा बाजूला धरलेला, पडदा धरतात तसा.

सदतीस साली रंगारी होता माटोउश. ब्रह्मचारी माणूस, रविवारी पाद्रीबाबांकडे जेवायचा. त्या खिडकीत पाद्रीबाबांची स्वयंपाकीण बार्बोरा उगवली, तिन्ही हनुवट्यांसकट. गाव म्हणालं, माटोउशचं प्रेम मसालेदार बदकावर आहे, बाईला उगाच बदनाम करू नका. पहिला बर्फ पडायच्या आत बार्बोरा गेली. पाद्रीबाबा जेवायला आले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. त्यांनी दोनदा हाक मारली. ती उभ्या उभ्याच गेलेली होती, पडदा मुठीत.

त्यानंतर कुणी हसेना.

एकोणपन्नासमध्ये काउंटची मंडळी निघून गेलेली, लंबगोल दिवाणखान्यात सरकारी बटाटे साठवलेले. खिडकी रंगवलीच नाही. त्या वर्षी कुणी मेलं नाही. म्हणजे मेले, पण आपापल्या कारणांनी.

आता वेंदेलिन कुदेला. चांभाराचा मुलगा, माटोउशच्या हाताखाली रंगकाम शिकला. मी गावचा न्हावी, माझ्या दुकानात तो दर शनिवारी दाढीला यायचा आणि तीस वर्षांत बोलला असेल ते सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावेल. त्याच्या हनुवटीला मधोमध खळी होती, खोल आणि जराशी डावीकडे वळलेली. तिथे माझा वस्तरा हमखास अडकायचा. लग्न केलं मधमाश्या पाळणाऱ्याच्या लुद्मिलाशी. ती दोघांच्या वाटचं बोलायची. तिच्यावर डोळा माझाही होता. ती मला नाही म्हणाली नाही, कारण विचारायला मी कधी गेलोच नाही.

एकसष्ट साली सरकारनं बटाटे हलवले, महालाचं संग्रहालय केलं आणि वेंदेलिनला खिडकी सांगितली. तो तिशीचा. म्हाताऱ्या माटोउशनं त्याला बजावलं होतं, रंगवताना बाईचा विचार करायचा नाही, बटाट्यांचा करायचा. वेंदेलिननं दोन दिवस इमानेइतबारे बटाट्यांचा विचार केला. जत्रेच्या दिवशी वर बघितलं तर लुद्मिला.

“अहो, निदान नाक तरी सरळ काढायचं!” ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि मनापासून हसली. ती एकटीच.

नोव्हेंबरात वेंदेलिन कामावरून परतला तर ती घराच्या खिडकीत उभी दिसली, पडदा बाजूला धरून. त्यानं रस्त्यातूनच हात हलवला. तिनं हलवला नाही. मुलगी आपोलेना तेव्हा चार वर्षांची. आईच्या झग्याला धरून उभी होती, आई बोलत का नाही म्हणून रुसून.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. त्र्याहत्तर साली पुन्हा पाळी आली तेव्हा वेंदेलिननं जुन्या चेहऱ्यावर कागद ठेवून रेघन् रेघ उतरवून घेतली, कागदाला सुईनं भोकं पाडली आणि कोळशाची पूड दाबून नव्या गिलाव्यावर तीच लुद्मिला उठवली. त्या वर्षी काही झालं नाही. मेलेल्या माणसाला आणखी काय होणार? गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. वेंदेलिनलाही वाटलं, वाट सापडली.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की बिअर पिंपात गोठली. मार्चमध्ये बर्फ वितळला आणि एका सकाळी ती खिडकी, चौकट, पडदा, बाई, सगळं धाडकन खाली आलं. तुकडे आपोलेनानंच झाडले.

ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची आणि महालात मार्गदर्शक. आलेल्यांच्या बुटांवर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता बांधून द्यायच्या, लाकडी फरशीला ओरखडा पडू द्यायचा नाही आणि खोल्याखोल्यांतून फिरवून आणायचं. महालाची प्रत्येक किल्ली तिला अंधारातही ओळखू येई. आवाज खणखणीत. एकदा कुणा मंत्र्याला म्हणाली होती, “साहेब, पाय उचलू नका, घसरत चला. तुम्हाला सवय असेलच.” आणि दिसायला? न्हाव्याच्या हाताखालून गावातला प्रत्येक चेहरा जातो, म्हणून सांगतो. लुद्मिला जिवंत होऊन किल्ल्या वाजवत फिरत होती. तिळाएवढाही फरक नाही.

पेच हाच होता. वेंदेलिननं तोच जुना कागद लावला असता तरी भिंतीवर आली असती ती आपोलेना.

जिल्ह्याच्या वारसा कचेरीतून कॉम्रेड श्टोलबा आले. हातात जुना फोटो.

“मिस्त्री, ह्यात आहे तसंच हवं. बाई पाहिजेच.”

“नुसता पडदा काढतो,” वेंदेलिन म्हणाला.

“नुसता पडदा तुमच्या घरी काढा. ही राष्ट्राची खिडकी आहे. तुम्हाला जमत नसेल तर ब्रनोहून कलाकार बोलावतो. आणि चेहऱ्याची काय चिंता? ही काय समोर उभी आहे. कलाकार हिलाच बसवतील नमुन्याला.”

“बसायला वेळ कुणाला आहे?” आपोलेना म्हणाली. “दिवसाला चार फेऱ्या असतात माझ्या.”

वेंदेलिनचा चेहरा गिलाव्यासारखा झाला. “मी करतो,” तो म्हणाला. “दुसरं कुणी नको.”

मग त्यानं जूनभर घरात भिंतीच्या कागदाच्या गुंडाळ्या उलट्या करून बायका काढल्या. जाड, बारीक, चपट्या नाकाच्या, तिरळ्या. काढताना वेगळी असायची. पूर्ण झाली की आपोलेना. जत्रेला आठ दिवस उरले तेव्हा तो माझ्या खुर्चीत येऊन बसला. शनिवार नव्हता, तेव्हाच मी समजलो.

“कुणाला काढू?”

“माझ्या बायकोला काढ,” मी म्हणालो. “तिला काही होत नाही. मी पंचवीस वर्षं बघतोय.”

“ऐकू येतंय हं मला!” आतून हेर्मिना ओरडली.

वेंदेलिन हसला नाही. मी गुपचूप दाढी केली, मानेवरचे केस काढले आणि नेहमीप्रमाणे मागे हातआरसा धरला. त्यानं समोरच्या आरशात आपली मान पाहिली. बराच वेळ पाहिली.

“हा मी?” तो म्हणाला.

“सगळे हेच विचारतात. मागून कोण कुणाला ओळखतं?”

तो उठला आणि साबण कानाला तसाच ठेवून निघून गेला.

जत्रेच्या दिवशी हवा स्वच्छ होती. बँड होता, प्लमचा मुरांबा घातलेल्या कोलाचे नावाच्या गोड पावांची ताटं होती, माणसं भिंतीखाली नेहमीसारखी जमली. वर चौकट, काचा, झडप, पडदा. पडद्यावर तोच हात. आणि बाईची पाठ. पांढरी टोपी, टोपीच्या लोंबत्या फिती, मानेवरचे चार सुटे केस. काम इतकं सुरेख की आता वळेल असं वाटावं. कुणाचाच चेहरा नाही. टाळ्या पडल्या. माटोउश असता तर रडला असता.

श्टोलबा फोटो नाचवत आले. “हे काय? फोटोत समोरून आहे!”

“अडीचशे वर्षं बाहेर बघत होती, कॉम्रेड,” आपोलेना म्हणाली. “मान अवघडली असेल.”

लोक हसले. वेंदेलिनही हसला. चोवीस वर्षांत मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले. हेर्मिनानं मात्र माझी बाही ओढली.

“अहो, तिनं पाठ फिरवली म्हणजे आता ती आत बघतेय.”

“आत भिंत आहे गं.”

“बाहेरून तरी काय होतं? भिंतच ना?”

ऑक्टोबरात, मोसम संपायच्या आठवड्यात, आपोलेना एका घोळक्याला जिना चढवत होती. जिना महालातला सगळ्यात देखणा भाग. रुंद उतरत्या पायऱ्या, कठड्यावर दगडी फुलदाण्या, वर छतात स्वर्ग उघडलेला. एका ओलोमोउत्सच्या बाईंनी त्या खिडकीमागच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, “हेही जुनं चित्र आहे का?”

पिवळट डाग होता. खाली रुंद, वर गोल. आपोलेना म्हणाली, “ओल आहे, बाई.” श्टोलबा म्हणाले, जुन्या धुराड्याची काजळी झिरपतेय. सफेदी मारली. तीन दिवसांनी, सफेदी वाळल्यावर, डाग पुन्हा वर आला. पुन्हा मारली. ह्या वेळी टोपीची झालर दिसू लागली. नाताळपर्यंत गालाशी एक हात आला, बोटं मिटलेली, कशाला तरी धरून असलेली. चेहऱ्याच्या जागी अजून काही नव्हतं. नुसता गोल, कोरा, थांबलेला.

वेंदेलिन एकदाच आत जाऊन बघून आला आणि घरी येऊन म्हणाला, “नोकरी सोड.” हे आपोलेनानंच पुढे हेर्मिनाला सांगितलं, म्हणजे मला.

“का सोडू?”

“तिला चेहरा हवाय. रोज चार वेळा तू तिच्या समोरून जातेस.”

“आईला खिडकीनं नाही मारलं, बाबा. हृदयानं मारलं. लिहून दिलंय डॉक्टरांनी.”

“खिडकीत उभी होती ती.”

“खिडकीत उभी होती कारण तुम्ही रोज उशिरा यायचात!”

मग तिनं त्याच्या ताटात आणखी दोन लाडूएवढे उकडलेले बटाट्याचे गोळे वाढले आणि म्हणाली, “त्या महालाचं प्रत्येक दार मला ओळखतं. मी एका डागासाठी सोडणार नाही. जेवा.”

एप्रिलमध्ये महाल उघडला. पहिल्या फेरीला आपोलेना सपाता वाटत होती, तर रांगेच्या शेवटी वेंदेलिन. रविवारचा कोट, डोक्यावर पाणी लावून बसवलेले केस. तिनं मुकाट्यानं एक जोडी पुढे केली. जिना आला तशी ती नेहमीप्रमाणे पुढे निघाली, आणि तो घोळका कापत तिच्या शेजारी गेला. भिंतीच्या बाजूला. चढताना मान वळवून भिंतीकडेच बघत राहिला, आपली मुलगी खांद्याआड झाकून. दुसऱ्या फेरीला तो होताच. तिसऱ्यालाही. चौथ्यालाही.

आधी गावानं मजा केली. खानावळीत विचारायचे, “मिस्त्री, आज काय नवीन दिसलं?” तो सांगायचा, “बरंच.” आपोलेना पाहुण्यांना म्हणायची, “ह्या काकांना अजून नीट समजलेलं नाही, म्हणून पुन्हा आलेत.” लोक हसायचे, तोही मान डोलवायचा. नमद्याच्या सपातांत त्याच्या पावलांचा आवाज होत नसे. प्रागची एक शाळामास्तरीण म्हणे घाबरून ओरडली होती, तो शेजारी आहे हे तिला जिन्याच्या मधोमध समजलं.

एप्रिल ते ऑक्टोबर, दिवसाला चार फेऱ्या, सहा वर्षं. मधल्या काळात सरकार बदललं, श्टोलबा गेले, त्यांचं ‘कॉम्रेड’ गेलं, वेंदेलिनच्या सपाता मात्र त्याच. तो वाळत चालला होता. शनिवारी दाढी करताना गालाची कातडी ओढून धरावी लागे. एकदा मी म्हटलं, “अरे, एक फेरी चुकव. गुडघे बघ तुझे.”

“चौथ्या फेरीला तिचे डोळे आले,” तो म्हणाला.

“कुणाचे?”

“अजून नीट बसलेले नाहीत. जो समोर असेल त्याचे बसतील. सध्या मी असतो.”

मी वस्तरा धुतला. उगाचच दोनदा धुतला.

एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात, मोसमाची शेवटची फेरी. लोक कमी होते, सातआठ. अर्ध्या जिन्यात तो पायरीवर बसला, भिंतीकडे तोंड करून. आपोलेना पुढे जाऊन छताबद्दल सांगत होती. तिनं वाक्य पुरं केलं, मागे वळली आणि म्हणाली, “बाबा, चला.” त्याचा उजवा हात बाजूला उचललेला होता. बोटं मिटलेली. आपोलेनानं ती एकेक करून उघडली. आत काहीच नव्हतं.

त्याची शेवटची दाढी मी त्याच्या घरी केली. वस्तरा खळीत अडकला. दुसऱ्या दिवशी मी महालात गेलो, आयुष्यात पहिल्यांदाच. न्हाव्याला स्वर्गाच्या छताचं काय काम? आपोलेनानं दार उघडून दिलं आणि स्वतः खालीच थांबली. भिंतीवर टोपी होती, झालर होती, हात होता. चेहरा आता पुरा भरला होता. म्हातारा, गालफडं बसलेला, गंभीर. मी गावात कुणाला सांगितलं नाही, आणि माझ्यासारख्यानं न सांगणं म्हणजे काय ते तुम्ही समजा. पण हनुवटीची खळी मी डोळे मिटूनही ओळखीन. जराशी डावीकडे वळलेली.

त्यानंतर तो डाग वाढला नाही की फिकटला नाही. ब्रनोचे लोक दोनदा सफेदीचं विचारून गेले, आपोलेनानं दोन्हीदा किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं. बाहेरची बाई मात्र पावसानं जवळजवळ गेली, टोपीच्या फिती तेवढ्या उरल्यात. गावात आता रंगारी नाही.

आपोलेना निवृत्तीला आलीय. नातवंडं झालीत, आवाज तसाच आहे. गेल्या उन्हाळ्यात हेर्मिनाची भाची आली म्हणून आम्ही तिच्या फेरीला गेलो. जिन्याशी आपोलेना थांबली आणि म्हणाली, “कठड्याच्या बाजूनं चढा सगळे.” एका जाड गृहस्थांना गर्दीत अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, “अहो, भिंतीकडे एवढी जागा मोकळी आहे!”

“दिसते तशी,” आपोलेना म्हणाली. “तुम्ही जरा सरका.”

ते सरकले. मग आम्ही सगळे दगडी फुलदाण्यांना घासत, एकामागे एक वर चढलो, आणि ती आमच्या पुढे, आपल्या आणि भिंतीच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून, त्याच्या चालीनं, सावकाश.